थट्टेचा सोयरा

मिसिगालो मामाची जीभ आमच्या रानात त्याच्या मधाइतकीच प्रसिद्ध होती. फरक एवढाच, की पोळ्याजवळ जाताना माणसं धूर करून जायची. मामाजवळ मोकळ्या हातांनी जायची आणि मग पस्तावायची.

तो माझ्या आईचा थोरला भाऊ. आम्ही न्यामवेझी माणसं तेव्हा रानात विखरून राहायचो. एक घर या टेकाडाला, तर दुसरं घसा ताणून हाक मारली तरच ऐकू येईल अशा अंतरावर. मामाचं घर त्याच्याही पलीकडे, ओढा ओलांडून. ते त्याच्या बापानं बांधलेलं. भोवतालच्या झाडांवर सालीच्या नळकांड्या टांगलेल्या, त्यांत मधमाश्या. कुणी विचारलं, "इतक्या लांब का राहतोस रे?" तर म्हणायचा, "शेजारी जवळ आला की खोकला कुणाचा आणि चूल कुणाची हेच कळेनासं होतं."

पण त्याची खरी कळी खुलायची ती झारामो माणूस भेटला की. झारामो म्हणजे समुद्रकाठचे लोक. त्यांची आणि आमची थट्टेची सोयरीक. ती कधी जुळली हे कुणालाच ठाऊक नाही. आमचे पणजे खांद्यावर हस्तिदंत घेऊन किनाऱ्याकडं चालत जायचे, वाटेत झारामोंचा मुलूख लागायचा. भांडणं झाली असतील, डोकी फुटली असतील. मग कुणा शहाण्यानं ठरवलं असावं, की रोज मारामारी करण्यापेक्षा रोज शिव्या द्याव्यात. दोन्हीकडून. रागवायचं मात्र कुणी नाही. थट्टेच्या सोयऱ्यानं तुमची कोंबडी उचलली तर ती गेली. तुमच्या बापाला गाढव म्हटलं तर त्याच्या आजोबाला काय म्हणायचं ते तुम्ही शोधायचं. जो चिडला तो हरला, आणि ज्यानं उत्तरच दिलं नाही त्यानं तर समोरच्याला माणसांतूनच उठवलं.

ही सोयरीक मातीपर्यंत जाते. आमच्या बाजारपेठेतला म्हातारा झारामो शिंपी वारला तेव्हा मामा सगळ्यांच्या आधी जाऊन खणलेल्या खड्ड्यात उताणा पडला. "ही जागा माझी! मी आधी आलोय," म्हणाला. "या आळश्याला जन्मात कधी वेळेवर यायला जमलं नाही, आज बरं जमेल!" शिंप्याची बायको रडता रडता हसली, तिनं एक कोंबडी देऊ केली, तेव्हा स्वारी उठली. मग पहिली माती त्यानंच टाकली. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

चौऱ्याहत्तर साली पिकं निघाल्यावर हुकूम आला. रानातली सगळी घरं सोडून रस्त्याकाठच्या नव्या गावात यायचं. गावाचं नाव उमोजा, म्हणजे एकी. एकीत घरं एका ओळीत असतात, दोन घरांमध्ये सारखं अंतर असतं आणि शेतावर रोज हजेरी असते, हे आम्हाला मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच, की तालुक्याचा नवा साहेब स्वतः समजवायला येणार आहे. त्याचं नाव पाझी, आणि तो झारामो आहे.

मामानं हे ऐकलं तेव्हा मी त्याच्याच अंगणात होतो. ताबोऱ्याच्या शाळेतून दाखला घेऊन परत आलेलो होतो, आणि दाखल्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसल्यानं मामाच्या घरी भाजलेली रताळी खात होतो.

"न्यामिझी!" मामानं बायकोला हाक मारली. "अगं सरकारात आपला सोयरा बसलाय आणि तू शेंगदाणे काय कुटतेयस!"

मामीनं मुसळ थांबवलं नाही. "सोयरा असेल तो त्याच्या घरी. इथं खाकी घालून येणारे."

"खाकीच्या आत कातडी असतेच ना?"

"असते. पण बटणं लावलेली असतात."

"मी काढतो बटणं," मामा म्हणाला. "हे बघ, घर हवं असेल तर सरकारकडं अर्ज करून मिळत नाही. पण सोयऱ्याची एखादी वस्तू हिसकावून धरली, की मागितलेलं दिल्याशिवाय ती त्याला परत मिळत नाही. रीतच आहे. साधं गणित."

त्याला राहायचं होतं, बस्स. तेवढं एक घर, तो ओढा आणि ती झाडं. बाकी सरकारनं काय हवं ते करावं, असं त्याचं म्हणणं. रीत आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत होती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं, की मामा जिंकणार.

सभा मोठ्या आंब्याखाली झाली. पाझी साहेब उंच, शिडशिडीत, चाळिशीचा. डोक्यावर बिल्ल्याची टोपी. शेजारच्या खुर्चीवर वरून आलेले एक पाहुणे, काळा चष्मा लावलेले. ते काही बोलत नव्हते, त्यामुळं ते फार मोठे असणार हे आम्ही ओळखलं. मागं शिपाई आणि ट्रक.

साहेब म्हणाला, "रस्त्याकाठी शाळा येईल, दवाखाना येईल, नळ येईल. सरकारला तुमचं भलं करायचंय. पण तुम्ही सापडतच नाही!"

हे खरं होतं. न सापडण्यात आम्ही पिढ्यान् पिढ्या तरबेज होतो.

"कुणाला काही विचारायचंय?" साहेबानं विचारलं.

मामा उठला. सावकाश चालत पुढं गेला, साहेबासमोर उभा राहिला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ए नारळचोरा," तो म्हणाला, "तुझ्या आजोबाला माझ्या आजोबानं मिठाच्या एका पुडीला विकत घेतला होता, ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशी परत करायला गेला. म्हणाला, मीठ ठेवून घ्या, पण हा नको, नुसता खातोय!"

बायकांमध्ये खसखस पिकली. आणि तेवढ्यात मामानं हात लांब करून साहेबाच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. छाती काढली. आवाज साहेबासारखा केला.

"सर्व झारामोंना हुकूम आहे! उद्यापासून समुद्राकाठची घरं सोडायची आणि माझ्या अंगणात ओळीनं राहायचं. समुद्र मागाहून ट्रकनं आणला जाईल!"

आंब्याखाली इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही. म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठी बडवत होत्या. मागचे शिपाईसुद्धा माना खाली घालून हलत होते.

"माझं घर मला, टोपी तुला," मामा म्हणाला. "बोल, सोयऱ्या."

मी पुढंच बसलो होतो. साहेबाच्या ओठाचा एक कोपरा हलला. डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्याला उत्तर सुचलं होतं, आणि बरं सुचलं होतं, हे दिसत होतं. त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात पाहुण्यांनी काळा चष्मा काढला. फक्त काढला, आणि रुमालानं पुसू लागले.

साहेबानं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं तेव्हा त्यातून दुसराच आवाज आला. "याला धरा. यानं सरकारी टोपीला हात लावलाय."

शिपाई आले. मामाचा चेहरा खुलला! त्याला वाटलं, हेच उत्तर. "वा रे वा! असा सोयरा पाहिजे!" तो ओरडला. "दोरी नीट बांध रे पोरा, नाहीतर तुमचा साहेब म्हणेल गाठसुद्धा मीच चोरली!" ट्रकमध्ये चढवेपर्यंत तो आमच्याकडं बघून डोळे मिचकावत होता. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हाही त्याचं हसू ऐकू येत होतं.

आम्ही हसायचं थांबलो होतो. कुणी आधी थांबलं ते सांगता येत नाही.

तो कोठडीत असतानाच घरं हलवली. मामाच्या घराचं छप्पर शिपायांनी पेटवलं. परत येऊन कुणी राहू नये म्हणून सगळ्यांचीच पेटवत होते, त्यात वैर असं काही नव्हतं. मामी मडकी, मुसळ आणि मांडीवर एक कोंबडी घेऊन ट्रकमध्ये बसली. झाडांवरच्या नळकांड्या तिथंच राहिल्या. मधमाश्यांना हुकूम मिळालेला नव्हता.

पावसाळा सरल्यावर मामा सुटून आला. उमोजात त्याला ओळीतलं घर दाखवावं लागलं, कारण सगळी घरं सारखी होती. तो वाळला होता, पण आजारी नव्हता. अंगावर वळ नव्हते. मामीनं आधी तेच तपासलं.

"मारलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग काय केलं?"

"काही नाही. टेबलावर एक टोपी ठेवायचे. सकाळी तिला सलाम करायचा आणि माफी मागायची. मग जेवायला द्यायचे."

"आणि तू करायचास?"

मामानं जरा विचार केला, जणू प्रश्न दुसऱ्या कुणाबद्दल होता. "पहिल्यांदा टोपीलाही दोन शिव्या हासडल्या," म्हणाला. "पण ती काही बोलायचीच नाही."

त्यानंतर या विषयावर तो बोलला नाही. तसा कुठल्याच विषयावर फारसा बोलला नाही. हजेरीला पहिला उभा राहायचा. सांगितलं तिथं खणायचा, थांब म्हटलं की थांबायचा. मला एव्हाना दाखल्याचा उपयोग सापडला होता. उमोजात प्रौढांचा वर्ग निघाला आणि मी त्याचा मास्तर झालो. मामा वर्गाला यायचा, ताठ बसायचा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मामा, हे अक्षर वाच."

"होय, साहेब," तो म्हणाला.

मी मोठ्यानं हसलो. बरं झालं, म्हटलं, मामा परत आला! मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती थट्टा नव्हती. त्यानं अक्षर बरोबर वाचलं आणि पुढच्या हुकमाची वाट बघत बसला.

सुकी मासळी विकणारा एक झारामो सायकलवरून यायचा. त्यानं मामाला गाठून चांगल्या मुरलेल्या चार शिव्या दिल्या. मामानं मासळी घेतली आणि "आभारी आहे" म्हणाला. मासळीवाला बावचळला. दोनदा मागं वळून बघत गेला आणि पुन्हा आमच्या गावात आला नाही. मामाचं बघून आमचीही तोंडं आखडली. आम्ही काय कमी शहाणे? ज्याची जीभ सगळ्यांत लांब त्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं.

मामीनं सगळे उपाय केले. मक्याच्या पिठाची उगाली कच्ची वाढली, शेजारणीपुढं त्याच्या बापाचा उद्धार केला, पाण्याचं मडकं त्याच्या पायावर ओतलं. तो पाय पुसायचा. एकदा ती माझ्या दाराशी येऊन टेकली आणि म्हणाली, "भाच्या, तुझा मामा कुठंय ते सांग. माझ्या शेजारी रात्रभर सरकार निजतं."

पुढच्या उन्हाळ्यात पाझी साहेबाची आई किनाऱ्यावरून लेकाकडं आली. तिला सगळे बी तातू म्हणत. सत्तरीची, बुटकी, काळं लुगडं डोक्यावरून घेतलेली, तोंडात कायम काहीतरी चघळत असलेली. तालुक्याच्या बंगल्यात तिला करमेना. रस्त्याकाठी अख्खं गाव न्यामवेझींचं आहे हे कळल्यावर तिनं लेकाची जीप मागून घेतली आणि एका सकाळी उमोजात उतरली. मागं वाकून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"कुठं गेले माझे गुलाम?" तिनं आरोळी ठोकली. "मालकीण आली तर कुणी पाट द्यायला नाही! अरे मधखाऊंनो, मधमाश्यांच्या जावयांनो!"

माणसं माना खाली घालून कामाला लागली. तिच्यामागं जीप होती ना. मामा टोपलीत टोमॅटो घेऊन चालला होता, तिनं त्यालाच धरला. टोपली हिसकावून घेतली, एक टोमॅटो चावला आणि थुंकला.

"शी! हे काय पिकवलंस? तुझ्या तोंडासारखं आंबट!"

मामा हात जोडून उभा. "घ्या, आई. टोपलीही घ्या."

"घ्या काय घ्या? माझ्या हातून ओढ की! शिवी दे!"

"होय, आई."

बी तातू चघळायची थांबली. तिनं त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं, जसं मडक्यात पाणी आहे का बघतात. मग वळून सगळ्यांना विचारलं, "याला कुणी असा केला?"

मामी पुढं झाली. आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या लेकानं." आणि आंब्याखालचं सगळं सांगितलं. टोपीचं, चष्म्याचं, टेबलाचं.

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. "सोयऱ्यानं टोपी घेतली म्हणून कोठडी?" ती स्वतःशीच म्हणाली. "मी त्याला असा वाढवला नव्हता." जीपमध्ये बसताना तिनं ड्रायव्हरच्या पाठीत बुक्की घातली. "चल लवकर, मेल्या."

ती लेकाला काय बोलली ते आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. पण पुढच्या शुक्रवारी साहेब आला. खाकी नव्हती. किनाऱ्यावरचे लोक घालतात तसा पांढरा पायघोळ झगा, पायांत साध्या वहाणा. मागोमाग बी तातू, जीपजवळ ड्रायव्हर आणि दोन शिपाई. आम्ही सगळे शेताकडं निघालो होतो ते रस्त्यातच थांबलो.

मामानं कुदळ खाली ठेवली आणि ताठ उभा राहिला.

साहेब त्याच्यासमोर आला. घसा साफ केला. "ए मधखाऊ," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "ए मधखाऊ! तुझा आजोबा पहिल्यांदा समुद्राकाठी आला तेव्हा एक घोट पिऊन त्यानं विचारलं होतं, एवढं मीठ कुणाच्या हातून सांडलं? आणि तीन दिवस पाणी ओंजळीनं गाळत बसला होता!"

शिवी चांगली होती. मला वाटतं, आंब्याखाली त्याला सुचलं होतं ते हेच.

"होय, साहेब," मामा म्हणाला.

"होय काय? उत्तर दे."

बी तातूनं काठी आपटली. "अरे दे की त्याला चार! मी त्याची आई सांगतेय!"

"होय, आई," मामा म्हणाला.

साहेबानं आवाज खाली आणला. एवढा, की पुढच्या दोन-चार जणांनाच ऐकू यावा. "मिसिगालो, त्या दिवशी माझ्या शेजारी कोण बसलं होतं ते तू पाहिलंस ना?"

"होय, साहेब."

"मी तरी काय करणार होतो?"

"होय, साहेब."

"मग बोल काहीतरी. पाहिजे ते बोल. माझ्या बापाला बोल."

मामानं त्याच्याकडं पाहिलं. "हा हुकूम आहे का, साहेब?"

साहेबानं आईकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. त्याला हे दार उघडायचं होतं आणि त्याच्याजवळ किल्ली एकच होती.

"हो," तो म्हणाला. "हुकूम आहे."

मामानं टाचा जुळवल्या, दोन्ही हात मांड्यांना लावले. मग माझ्या वर्गात धडा म्हणतात त्या आवाजात सुरुवात केली.

"साहेब, तुमचे आजोबा आळशी होते. साहेब, तुमचे लोक नारळ चोरतात. साहेब, तुमचे पाय नाचून झिजले म्हणून तुम्हाला जीप लागते. साहेब, तुमच्या वडिलांना खेकड्यानं चावलं आणि त्यांनी खेकड्याची माफी मागितली." प्रत्येक वाक्यानंतर तो थोडा थांबत होता. हजेरी घेणारा थांबतो तसा. "साहेब, तुमच्या गावातली माणसं झोपेत दमतात."

एक शिपाई खुदकला आणि आपल्याच आवाजाला दचकून गप्प झाला.

"अजून किती सांगू, साहेब?" मामानं विचारलं.

"पुरे," साहेब म्हणाला.

"होय, साहेब. आभारी आहे."

आमच्याकडं काही जण अजून सांगतात, की मिसिगालोनं आयुष्यात केलेली सगळ्यांत मोठी थट्टा हीच. साहेबाच्याच हुकमानं साहेबाला भर रस्त्यात धुतला, आणि वर आभार मानले! वर्गातली माणसं हे सांगताना मांडीवर थाप मारतात. तसं असेल तर बरंच आहे. पण मी हाताच्या अंतरावर उभा होतो, आणि मामाचा चेहरा पाहत होतो. त्यावर काही नव्हतं. अक्षर वाचताना असायचं तेवढंच होतं.

साहेब जीपकडं गेला. झग्याचा सोगा दारात अडकला, तो त्यानं सोडवला नाही, ओढला. फाटल्याचा आवाज आला.

बी तातू मात्र गेली नाही. ती मामाच्या पुढ्यात रस्त्यावरच बसली. लुगडं तोंडावर ओढून घेतलं. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, तरी उठेना.

शेताच्या बांधावर हजेरीची घंटा झाली. माणसं एकेक करून निघाली. मामानं कुदळ उचलली, पण म्हातारी वाटेत बसली होती.

"आई," तो म्हणाला, "मी जाऊ का? हजेरी आहे."

तिनं लुगडं आणखी घट्ट ओढून घेतलं.

परवानगी मिळाली नाही, म्हणून तो उभाच राहिला. ऊन चढलं. शेवटी मामी घरातून आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जा." मग तो गेला.